शेजारच्या देशातली गाडी

गेल्या आठवड्यात ऑफिसातून निघताना एका मित्राने लिफ्टपाशी गाठलं. हा मुलुंडचा, मी बोरिवलीचा, आणि आम्ही दोघं अंधेरीला एकाच मजल्यावर बसतो. म्हणाला, "तू ते इतिहासाचं वगैरे वाचत असतोस ना, मग हा कागद बघ जरा." कागद म्हणजे मोबाईलवर आरसीचा फोटो. जुनी लँड क्रूझर, नंबर हिमाचलचा, किंमत बाजारभावाच्या निम्म्याहूनही कमी. एवढी स्वस्त का, तर म्हणे भूतानच्या लष्कराने लिलावात काढलेली गाडी आहे, शेजारच्याच देशातली, कागद एकदम क्लिअर.

"टोकन दिलंस?"

"पन्नास हजार."

म्हटलं बाबा, रविवारपर्यंत पुढचा एक रुपयाही देऊ नकोस. आणि मग शनिवारी सकाळी चहा घेऊन बसलो, तो रात्री साडेअकरालाच उठलो. मित्राच्या प्रश्नाचं उत्तर तासाभरात मिळालं होतं. बाकीचा दिवस एका वेगळ्याच गोष्टीने खाल्ला. आपल्या देशात बाहेरून गाडी आणणं ही इतकी भानगड का झाली? आणि या भानगडीचा पत्ता दर वेळी मुंबईच कसा निघतो?

तर मंडळी, सुरुवातीपासून सांगतो.

एक काळ असा होता की मुंबईत बाहेरची गाडी हीच गाडी होती, कारण आतली नव्हतीच. १९०१ साली जमशेटजी टाटांनी मोटार घेतली आणि मोटार बाळगणारे पहिले भारतीय म्हणून त्यांचं नाव आजही सांगितलं जातं. पुढे १९२८ मध्ये जनरल मोटर्सने शिवडीला जुळणीचा कारखाना काढला. पेट्यांमधून सुटे भाग बोटीने यायचे आणि शिवडीतून गाडी होऊन बाहेर पडायचे. फोर्डनेही मुंबईत असंच काम चालवलं होतं. १९४४ मध्ये वालचंद हिराचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली आणि कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. तिथेही सुरुवात क्रायस्लरच्या गाड्या जुळवण्यापासूनच झाली. थोडक्यात, ज्याच्याकडे पैसे होते त्याला अडवणारं फारसं कोणी नव्हतं. पैसे किती जणांकडे होते हा प्रश्न वेगळा.

स्वातंत्र्यानंतर सरकारने विचारलं की नुसती जुळणी करून देशाला काय मिळतं? परकीय चलन बाहेर जातं आणि कसब बाहेरच राहतं. प्रश्न चुकीचा नव्हता. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर धोरण ठरलं की इथे टप्प्याटप्प्याने खरोखर गाडी बनवायचा कार्यक्रम ज्यांच्याकडे असेल त्यांनीच राहावं. जनरल मोटर्स आणि फोर्ड १९५४ मध्ये गाशा गुंडाळून गेले. प्रीमियर राहिली, आणि कुर्ल्यातून फियाट ११०० निघू लागली. १९५७ मध्ये परकीय चलनाची तिजोरी जवळजवळ रिकामी झाली तेव्हा आयातीचा दरवाजा आणखी घट्ट झाला. १९५९ मध्ये तर देशात बनलेल्या मोटारींच्या वाटपावर आणि विक्रीवरही नियंत्रणाचा आदेश निघाला. गाडी हवी तर नाव नोंदवा, अनामत भरा आणि थांबा. किती? काही वर्षं.

अशी ही भिंत. कुर्ल्याचा, घाटकोपरचा, विद्याविहारचा कामगार तिच्या सावलीत जगला हे विसरून चालणार नाही. ही भिंत नसती तर त्या कारखान्याचं काय झालं असतं ते सांगायला ज्योतिषी नको. पण भिंतीचा एक गुण असतो. ती बांधली की तिला वळसा कुठून घालता येईल हे शोधणारे लोक आपोआप तयार होतात. आमच्या धंद्यात याला वर्कअराउंड म्हणतात :-)

आता गंमत बघा. मराठी माणसाच्या अगदी अंगणात त्या वेळी एक परदेश होता आणि तिथे ही भिंत नव्हतीच. गोवा!

बांद्याहून पत्रादेवी ओलांडलं की पोर्तुगाल सुरू व्हायचा. आपल्या कायद्याच्या लेखी ती परकी सरहद्द होती. अशा जमिनीवरच्या सीमांसाठी १९२४ चा लँड कस्टम्स ॲक्ट इंग्रजांनीच करून ठेवलेला होता. पलीकडे लोखंडाच्या खनिजाचा धंदा तेजीत आला होता, माल जपानला जात होता, आणि त्या पैशावर युरोपातून नाना वस्तू येत होत्या. घड्याळं, पेनं, दारू, कापड आणि मोटारी. इकडे फियाटसाठी नाव नोंदवून लोक ताटकळत असताना तिकडे पणजी-मडगावात नव्या जर्मन मोटारी फिरत होत्या.

आणि हे मला परवाच नव्याने उमगलं. पोर्तुगालने १९२८ मध्ये आपली वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूला नेली. पण गोवा मात्र डावीकडेच राहिला, कारण सगळ्या बाजूंनी डावीकडून चालणारा हिंदुस्थान! मकाव आणि मोझांबिकही शेजाऱ्यांमुळे तसेच डावीकडे राहिले. म्हणजे लिस्बनचा कायदासुद्धा सावंतवाडीच्या रस्त्यापुढे नमला.

मग गोव्यातून गाडी आणायची असं मुंबईच्या कोणाच्या मनात आलं नसेल का? आलंच असणार. पण १९५४-५५ पासून भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, प्रवासाला परवाने लागू लागले आणि रेल्वेही थांबली. घड्याळ खिशात लपतं, सोनं कमरेला लपतं. मोटार कुठे लपवणार? शिवाय ही सीमा काही नुसती जकातीच्या गमतीची नव्हती. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रही पायी ही रेषा ओलांडायला निघाले तेव्हा पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या आणि वीसहून अधिक जण गेले. गेलेल्यांत महाराष्ट्रातले होते. ज्या रेषेवरून गाडी आणायला मिळत नाही म्हणून कोणी चुकचुकत होता, त्याच रेषेवर माणसं मरत होती. हे वाचल्यावर मी थोडा वेळ स्क्रीन बंद करून बसलो.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. त्या दिवशी एक विलक्षण आयात झाली. गोव्यातल्या सगळ्या मोटारी, एकीचंही चाक न हलता, भारतात आल्या. गाड्या होत्या तिथेच राहिल्या, सीमाच उचलली गेली! आपल्या इतिहासात शेजारच्या देशातून एवढ्या गाड्या एका दिवसात कधी आल्या नसतील.

असो. गोवा संपला तरी भिंत होतीच. पुढच्या तीस वर्षांत तिच्यातून आत यायला तीनचार फटी होत्या आणि प्रत्येकीवर एकेक माणूस बसलेला होता.

पहिली फट वकिलातींची. परदेशी अधिकारी आपली गाडी शुल्क न भरता आणू शकत. बदली झाली की ती सरकारच्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत, म्हणजे एसटीसीमार्फत विकली जायची. १९५६ ची ही सरकारी संस्था खरं तर परदेश-व्यापारासाठी, पण जुन्या मर्सिडीजची वाट पाहणाऱ्यांना तिची ओळख वेगळ्याच कारणाने होती. सिनेमात साठ-सत्तरच्या दशकात जी लांबलचक परदेशी गाडी पोर्चमध्ये येऊन थांबते, ती बऱ्याचदा अशाच वाटेने आलेली असायची.

दुसरी फट परवान्याची. कस्टम्स क्लिअरन्स परमिट नावाचा कागद असे. परकीय चलन बाहेर जाणार नसेल, म्हणजे कोणी भेट दिली असेल किंवा बाहेर कमावलेल्या पैशातून घेतली असेल, तर अर्ज करायचा. मिळणं न मिळणं साहेबाच्या हाती.

तिसरी फट आपल्यासारख्यांची. हिचं नाव ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स, बोलीभाषेत टीआर. परदेशात काही वर्षं राहून कायमचे परत येणार असाल तर तिथे वापरलेली आपली एक गाडी घेऊन या, मात्र शुल्क भरा, तेही परकीय चलनात, आणि ती लगेच विकू नका. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखातात माणसांची गरज पडली आणि मुंबईच्या उपनगरातनं मेकॅनिक, नर्स, फिटर, अकाउंटंट असे लोक तिकडे गेले. त्यातले काही जण खरंच गाडी घेऊन आले. आखातात वाहतूक उजवीकडून, त्यामुळे गाडीचं चाक डाव्या बाजूला. आपल्या मोटार वाहन कायद्यात, १९८८ च्या कायद्याच्या कलम १२० मध्ये, अशा गाडीला इशारा देणारं चालू यंत्र असल्याशिवाय रस्त्यावर मनाई आहे. लहानपणी मी मागच्या काचेवर 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' लिहिलेली एक मोठी गाडी बोरिवली स्टेशनबाहेर पाहिल्याचं आठवतं. आम्ही पोरं ड्रायव्हरऐवजी पॅसेंजरच गाडी चालवतोय म्हणून तिच्यामागे धावलो होतो.

आमच्या घरातही एक टीआरची गाडी येणार होती. माझे एक काका कुवेतला होते. त्यांची टोयोटा आम्हाला फोटोत पाठ होती. काकूंनी एका शंभरपानी वहीत हिशेब मांडला होता, गाडीची किंमत इतकी, घसारा इतका, शुल्क इतकं, बोटीचं भाडं इतकं. १९९१ मध्ये परत यायचं ठरलं होतं. २ ऑगस्ट १९९० ला इराकी रणगाडे कुवेतमध्ये शिरले. त्यानंतरच्या अडीच महिन्यांत साधारण पावणेदोन लाख भारतीयांना परत आणलं गेलं, बरेचसे बगदादवरून अम्मानला आणि तिथून विमानाने मुंबईला. काकाही तसेच आले. सहार विमानतळावर आम्ही सगळे गेलो होतो. त्यांच्या हातात एक बॅग होती. गाडी अम्मानच्या वाटेवर कुठेतरी सोडून द्यावी लागली. बरेच दिवसांनी काकूंनी ती वही रद्दीत घातली. काका पुढे पंधरा वर्षं ४.१८ च्या लोकलने गेले आणि गाडीबद्दल कधी अवाक्षर बोलले नाहीत.

हे सांगितलं कारण टीआरची सवलत ही अशा माणसांसाठी होती. आणि नंतर तिचं काय झालं ते बघा. आखातातल्या साध्या कामगाराचा पासपोर्ट वापरायचा, त्याच्या नावावर महागडी गाडी आणायची, तो ती अनेक महिने वापरत होता असं कागदावर दाखवायचं आणि इथे आल्याआल्या कोणा धनिकाला विकायची. महसूल गुप्तचर संचालनालयाने, म्हणजे डीआरआयने, अशी प्रकरणं वारंवार उघडकीला आणली. शेजारी पाकिस्तानातही हुबेहूब हेच चालत आलंय. तिथे परदेशस्थांसाठी सामान, भेट आणि टीआर अशा तीन योजना होत्या आणि त्यांच्या आडून जपानच्या वापरलेल्या गाड्यांचा आख्खा बाजार उभा राहिला. दोन देशांचं एका बाबतीत तरी एकमत आहे म्हणायचं.

आता भिंतीला दरवाजा कधी पडला? अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत भारताविरुद्ध दावा लावला होता की तुम्ही आयातीवर संख्येची बंधनं घालून बसलाय. १९९९ मध्ये भारत अपिलातही हरला. त्यानंतर दोन हप्त्यांत ही बंधनं उठली, शेवटचा हप्ता १ एप्रिल २००१ ला. त्यात वापरलेल्या मोटारीही होत्या. तेव्हा केवढी घबराट होती! जपानच्या जुन्या गाड्या बोटी भरभरून येणार आणि आपले कारखाने बसणार, असे लेख येत होते.

पण सरकारही पक्कं. बंदी उठवली आणि अटी घातल्या. गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी नको. चाक उजव्या बाजूलाच हवं. वेग किलोमीटरमध्ये दाखवला पाहिजे. ती पुढची पाच वर्षं रस्त्यावर चालण्यालायक असल्याचा दाखला हवा. आणि वापरलेली गाडी देशात उतरणार ती फक्त एकाच बंदरात, मुंबईत! एवढ्यावर भागलं नाही म्हणून २००१ च्या अर्थसंकल्पात वापरलेल्या गाड्यांवरचं मूळ सीमाशुल्क १०५ टक्के केलं, म्हणजे सगळं मिळून साधारण १८० टक्के. दरवाजा उघडा होता, पण उंबरठा छातीएवढा.

नियम लिहिणाऱ्याचं मला खरंच कौतुक वाटलं. एकेक अट वाचा. शेजारी देशातून जमिनीवरून गाडी चालवत आणायची सोयच ठेवलेली नाही. काठमांडूहून मुंबईला गाडी रस्त्याने येईल, पण मुंबई बंदरात ती समुद्रातूनच यायला हवी. हा बग नाही, फीचर आहे.

आजचा हिशेब करून पाहा. २०२५ च्या अर्थसंकल्पाने वापरलेल्या मोटारीवरचं मूळ शुल्क १२५ टक्क्यांवरून ७० वर आणलं आणि बातम्या झळकल्या. पण त्याच दिवशी वर ६७.५ टक्के कृषी व पायाभूत सुविधा उपकर बसला. आधी १२५ आणि त्यावर १२.५ अधिभार, बेरीज १३७.५. आता ७० अधिक ६७.५, बेरीज १३७.५. पाव टक्काही हललं नाही! १० लाखांची गाडी बंदरातच २३ लाख ७५ हजारांची होते. त्यावर जीएसटी. मग महाराष्ट्रात आयात गाडीवर २० टक्के रोड टॅक्स, ज्याची कमाल मर्यादा १ जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाख झाली. त्यानंतर अंधेरी आरटीओत रांग.

ज्याची पोहोच वरपर्यंत त्याला मात्र उंबरठा कधी कधी ठेंगणा होतो. २००२ मध्ये सचिनने ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केली म्हणून फियाटतर्फे त्याला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. सिल्व्हरस्टोनला खुद्द शूमाकरच्या हस्ते. गाडी इथे आणायची तर शुल्क १ कोटी १३ लाख. सरकारने ते माफ करायचं ठरवलं आणि २००३ मध्ये एकच गदारोळ झाला, दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली. शेवटी शुल्क फियाटने भरलं. मी सचिनचा भक्त, त्यामुळे तेव्हा याचिकावाल्यांवर चिडलो होतो. आज वाटतं, त्यांचा प्रश्न रास्त होता. कायदा वाईट असेल तर सगळ्यांसाठी बदला. एकासाठी दार किलकिलं करणं म्हणजे बाकीच्यांसाठी भिंत आणखी उंच करणं.

भिंती फक्त देशाच्याच असतात असंही नाही. मुलुंडकरांना सांगायला नको. मुलुंड चेक नाका म्हणजे मुंबईचं आपलं वाघा बॉर्डर होतं. पलीकडे ठाण्यात गाडी घेतली आणि मुंबईच्या हद्दीत आणली की जकात. त्यामुळे ठाण्यातल्या मावशीच्या पत्त्यावर गाडी नोंदवून एमएच-०४ ची पाटी मिरवत मुलुंडात राहणारे कमी नव्हते. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. तरी जुहू-लोखंडवाल्यात दमण आणि पुदुच्चेरीच्या पाट्यांच्या बड्या गाड्या दिसतातच, कारण तिथला रोड टॅक्स कमी. दमण हाही १९६१ पर्यंत परदेशच बरं का! पोर्तुगीज गेले, पण मुंबईच्या पैसेवाल्यांसाठी दमण शेजारचा देश राहिला तो राहिलाच.

आता भूतान. मित्राच्या कागदावर येतो.

भूतानला समुद्र नाही. त्यांचा बाहेरच्या जगाशी व्यापार कोलकात्याच्या बंदरातून चालतो. तो माल भारतातून नुसता पुढे जातो, म्हणून आपलं सीमाशुल्क त्याला लागत नाही. जपानची लँड क्रूझर तिथे अशीच पोहोचते. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, म्हणजे चाक उजवीकडे. आणि सीमा सैल. जयगाव आणि फुन्त्शोलिंग ही दोन गावं म्हणजे एका बाजाराची दोन टोकं, मध्ये एक कमान. भूतानच्या एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जायला तिथले लोकही बंगाल-आसामच्या रस्त्याने जातात, त्यामुळे तिकडे भूतानी पाटीची गाडी कोणाला खटकत नाही. १९५५ च्या गोव्यात मोटार लपवायला जागा नव्हती. इथे लपवावीच लागत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये कोचीच्या कस्टम्सने केरळभर छापे घातले. मोहिमेचं नाव नुमखोर, भूतानच्या जोंगखा भाषेत याचा अर्थ वाहन. ३६ गाड्या जप्त झाल्याचं जाहीर झालं आणि नामांकित सिनेनटांच्या घरीही तपासणी झाली. कस्टम्सचं म्हणणं असं की भूतानमधून गाड्या चोरून आणायच्या, लष्कर आणि वकिलातींच्या नावाचे बनावट कागद करायचे आणि त्यावर हिमाचलसारख्या दूरच्या राज्यात नोंदणी करून घ्यायची. प्रकरणाचा निकाल न्यायालयं लावतील, आणि ज्यांनी गाड्या विकत घेतल्या त्यांना सगळं माहीत होतं असं आपण धरून चालू नये.

पण ही युक्ती चालते कशी हा प्रश्न माझ्यातल्या प्रोग्रॅमरला सोडेना. उत्तर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये सापडलं. नियम ४७ मध्ये नोंदणीला काय काय कागद लागतात त्याची यादी आहे. आयात गाडी असेल तर कस्टम्सचा दाखला. त्याच यादीत आणखी एक ओळ आहे, माजी लष्करी गाडी असेल तर संबंधित अधिकाऱ्यांचं विक्रीपत्र. बस! गाडी 'आयात' या खान्यात पडली तर कस्टम्स तिला पाहणार. ती 'माजी लष्करी' या खान्यात ढकलली तर तो प्रश्न आरटीओला पडतच नाही. ज्या खिडकीवर कागद तपासले जातात ती पाहते की यादीतला कागद आहे की नाही. तो कागद कुठल्या लष्कराचा, खरा की खोटा, हे त्या खिडकीला कळेलच असं नाही. आणि एकदा नोंद वाहन या सरकारी डेटाबेसमध्ये गेली की पुढचा प्रत्येक जण तिलाच पुरावा मानतो. डेटाबेसमध्ये आहे म्हणजे खरं आहे, हा गैरसमज आम्हीच लोकांमध्ये पसरवलाय.

म्हणून मित्राला रविवारी फोन करून सांगितलं ते एवढंच. आरसी खरी असू शकेल. ऑनलाईन तपासलीस तर नावही बरोबर निघेल. पण आरसी म्हणजे शुल्क भरल्याची पावती नव्हे. त्या माणसाकडे बिल ऑफ एंट्री माग, म्हणजे गाडी देशात उतरल्यावर कस्टम्सकडे दाखल होतं ते पत्रक, आणि शुल्क भरल्याचं चलन. गाडी कोणत्या बंदरात, कोणत्या तारखेला उतरली विचार. तुझ्या गाडीचं वय पाहता ती त्या वेळी तीन वर्षांच्या आतली होती का ते मोज. १९६२ च्या कस्टम्स ॲक्टखाली चोरून आणलेला माल जप्त होतो, तो तोवर किती हात फिरला याने फरक पडत नाही. पहिल्याने भूतानमध्ये स्वस्तात घेतली, दुसऱ्याने कागद केले, तिसऱ्याने नफा कमावला, आणि छाप्याच्या दिवशी पार्किंगमध्ये गाडी कोणाच्या? तुझ्या.

तो गप्प झाला. मग म्हणाला, "आणि ते पन्नास हजार?"

काय सांगणार? त्याने विकणाऱ्याकडे बिल ऑफ एंट्री मागितलं. तासाभरात उत्तर आलं की गाडी दुसऱ्या गिऱ्हाईकाला गेली, आणि त्यानंतर फोन लागत नाही. पन्नास हजारांत सुटला असं मी त्याला सांगतो. त्याला अजून ते पटलेलं नाही. त्याच्या बायकोला पटलंय. हो, आणि ज्या दुसऱ्या गिऱ्हाईकाला ती गेली तो खरंच कोणी असेल तर त्याचं काय, हे माझ्या डोक्यातून जात नाहीये.

मग भिंत हवी की नको? मी दोन्हीकडून विचार करून पाहिला. कुर्ल्याचा कारखाना भिंतीमुळे जगला आणि भिंतीमुळेच आळसावला. एकाच सांगाड्याची गाडी साठच्या दशकात डिलाईट, मग प्रेसिडेंट, १९७४ पासून पद्मिनी, आणि दरवाजा उघडल्यावर स्पर्धेत टिकली नाही. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवली गेली होती, वीस वर्षं पुरी करून ती ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. प्रीमियरच्या जागेवर आता इमारती आहेत. त्यामुळे भिंत कायम राहावी असं मला म्हणवत नाही, आणि उद्या सकाळी पाडा असंही नाही. एक मात्र नक्की वाटतं. २३२ अटी आणि १३७.५ टक्के असल्या उंबरठ्याने गाड्या यायच्या थांबत नाहीत. फक्त सरळ मार्गाने आणणारा थांबतो. वहीत घसारा मांडणारी काकू थांबते. ज्याला कागद 'करून घेता' येतात तो कधीच थांबला नव्हता, ना एसटीसीच्या काळात, ना टीआरच्या, ना आज.

(२३२ हा आकडा रागाच्या भरात लिहिलाय, मोजलेला नाही. १३७.५ मात्र खरा आहे.)

असो. उद्या सोमवार. ८.०५ ची चर्चगेट स्लो पकडायची आहे. तिला बिल ऑफ एंट्री लागत नाही, नुसतं पास दाखवला की झालं. आत शिरायला मिळेलच याची खात्री तिथेही नाही म्हणा!